कोणत्याही शाखेची पदवी

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. शिकून घरी बसलेल्या तरुणांना सरकारी कार्यालयांत किंवा खासगी आस्थापनांत काही महिने काम शिकायला मिळावे आणि त्या काळात शासनाने त्यांच्या खात्यावर विद्यावेतन जमा करावे, अशी तिची साधी रचना. योजनेचे गुणदोष हा वेगळा विषय आहे. मला तिच्यातल्या तीन ओळींच्या दरपत्रकाविषयी लिहायचे आहे. बारावी उत्तीर्ण तरुणाला दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधर व पदव्युत्तरांना १०,०००. कोण काय काम करणार आणि ते काम कोणाला किती येते, याचा या दरांशी काही संबंध नाही. दोन वर्षे लेथपाशी उभे राहून लोखंड कातायला शिकलेला मुलगा ८,००० चा आणि तीन वर्षांत कोणत्याही विषयात बी. ए. झालेला १०,००० चा.

शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या नियमांतही हेच दिसते. २०१९ मध्ये त्या नियमांत किमान विद्यावेतनाचे जे दर ठरले, त्यांत बारावी उत्तीर्णाला ७,००० रुपये होते आणि आयटीआयचे प्रमाणपत्र असलेल्यालाही ७,०००; पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. म्हणजे दहावीनंतर दोन वर्षे फिटरचे काम शिकलेला आणि दहावीनंतर दोन वर्षे वर्गात बाकावर बसलेला, हे दोघे कायद्याच्या लेखी एकाच मोलाचे. त्याहून बोलका आकडा शासकीय आयटीआयमधल्या विद्यावेतनाचा आहे. राज्यात ते दरमहा ४० रुपये होते आणि सुमारे चार दशके तेवढेच राहिले. २०२३ मध्ये ते ५०० रुपये झाले. मधल्या काळात किती सरकारे आली आणि गेली, किती वेतन आयोग लागू झाले, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हे दर आधी सांगितले, कारण पदवीच्या वेडाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात दोष नेहमी मुलांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या पदरी टाकला जातो. ‘सगळ्यांना साहेबच व्हायचंय’, ‘हाताला काम नको, खुर्ची पाहिजे’, ‘आमच्या सोसायटीतला प्लंबर इंजिनिअरपेक्षा जास्त कमावतो’ ही वाक्ये कोणत्याही घरगुती समारंभात ऐकू येतात आणि ती म्हणणाऱ्याची स्वतःची मुले बहुतेक वेळा पदवी घेत असतात किंवा घेऊन बसलेली असतात. माझे म्हणणे त्याच्या नेमके उलट आहे. आज ज्या अटींवर कुशल हातांना काम मिळते, त्या अटी तशाच ठेवल्या तर पदवीच्या मागे लागणारे कुटुंब शहाणपणाचाच निर्णय घेत आहे. त्याला वेडात काढण्याआधी आपण त्या अटींकडे पाहिले पाहिजे.

पण पदवीधरच तर सर्वांत जास्त बेकार आहेत, हा आक्षेप लगेच येतो आणि आकडे त्याच्या बाजूचे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मानव विकास संस्थेसोबत २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी २९.१ टक्के होती. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये ती ३.४ टक्के होती. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ ‘जितके शिक्षण जास्त तितकी बेकारी जास्त’ असा लावला, आणि शब्दशः तो चूकही नाही. मात्र बेकार म्हणून मोजले जायलाही ऐपत लागते. ज्याच्या घरात उद्याच्या चुलीची पंचाईत आहे तो बेकार राहूच शकत नाही. तो ऊस तोडायला जातो, स्लॅबवर घमेली वाहतो, जे मिळेल ते करतो, आणि पाहणीत त्याची नोंद ‘काम आहे’ अशी होते. पदवीधर थांबतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये महिन्याचे भाडे भरून जे तरुण बसलेले असतात, त्यांचे थांबणे गावाकडच्या दीड-दोन एकरांवर आणि आईच्या दुभत्या म्हशीवर चाललेले असते. हे थांबणे आळसाचे नाही, ती एक गुंतवणूक आहे. लॉटरीसारखी म्हणा हवे तर, पण गुंतवणूकच.

ती गुंतवणूक कशाची, हे भरतीच्या आकड्यांवरून कळते. २०२३ मधल्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते. शिपायाच्या पदाला बारावी पुरते, तरी मैदानावर धावायला आलेल्यांत अभियंते होते, एमबीए होते. तलाठ्याला मात्र पदवी लागते. लिपिक-टंकलेखकालाही लागते, आणि सोबत टंकलेखनाचे प्रमाणपत्र. या जाहिरातींतली ‘शैक्षणिक अर्हता’ जरा सावकाश वाचावी: ‘कोणत्याही शाखेची पदवी’. संस्कृत चालेल, प्राणिशास्त्र चालेल, वाणिज्य चालेल. ज्या अटीत कोणताही विषय चालतो, तिला विषयाशी काही कर्तव्य नाही, हे ती अट स्वतःच कबूल करते. लिपिकाच्या कामाशी थेट नाते असलेली गोष्ट त्या जाहिरातीत एकच आहे, ती म्हणजे मिनिटाला ३० मराठी शब्दांचा वेग, आणि ती मुलगा तालुक्याच्या टायपिंग क्लासमध्ये काही महिन्यांत मिळवतो. पदवीची तीन वर्षे ही अर्जांचा ढीग उपसण्यासाठी लावलेली चाळणी आहे. तिचा खर्च भरती करणारा करत नाही. तो उमेदवाराच्या घरातून जातो.

खासगी क्षेत्र याहून वेगळे नाही. दुकानाच्या साखळीत काउंटरवर उभे राहायला, कुरिअरच्या कार्यालयात नोंदी करायला, बँकेची कार्डे विकायला पदवी मागतात, कारण बाजारात पदवीधर मुबलक आहेत आणि मागायला पैसे पडत नाहीत. मुबलक का झाले, यालाही इतिहास आहे. स्वतः शालेय शिक्षणही पुरे न केलेल्या वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली, तेव्हा कर्नाटकात जाऊन देणग्या भरणारी मुले राज्यात राहिली आणि ग्रामीण भागातल्या असंख्य घरांत पहिला इंजिनिअर झाला. त्या निर्णयाला केवळ शिक्षणसम्राटांच्या नावाने नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते. पण पुढच्या तीस वर्षांत महाविद्यालये वाढत गेली आणि त्या पदवीला साजेशा नोकऱ्या त्या गतीने वाढल्या नाहीत. ज्याने इंजिनिअर म्हणून जायचे तो डिप्लोमाच्या जागेवर गेला, डिप्लोमावाला आयटीआयच्या जागेवर, आणि आयटीआयवाला हेल्पर झाला. रेल्वेत सहायक लोको पायलटच्या जागेला आयटीआयची अर्हता आहे, आणि तिथे अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवीही चालते. त्या परीक्षेत आयटीआयच्या मुलाशेजारच्या बाकावर बी. ई. झालेला बसतो. वरून ढकलत ढकलत खाली आलेल्या या रांगेत सर्वांत खाली कोण चेपला गेला, हे सांगायला नको.

कौशल्याचे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी, हेही खरे नाही. डी. एड. हा काही पुस्तकी पदवीचा अभ्यासक्रम नव्हता. बारावीनंतर दोन वर्षांत एक नेमके काम शिकवणारा, सरावपाठ घ्यायला लावणारा, हातात व्यवसाय देणारा असा तो होता आणि विशेषतः मुलींसाठी खेड्यापाड्यांतून मोठा आधार होता. मागणी दिसताच अध्यापक विद्यालये गल्लोगल्ली निघाली. २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली, २०१३ पासून पात्रता परीक्षा आली, आणि ज्या मुलींनी शेत गहाण टाकून डी. एड. केले होते त्या खासगी शाळेत हातात मिळेल त्या पगारावर किंवा थेट घरी बसल्या. कामाच्या जागा न वाढवता नुसती प्रमाणपत्रे छापली की ती कौशल्याची असली तरी कागदच होतात. सध्या तीन-चार महिन्यांच्या कौशल्यवर्गांतून जी प्रमाणपत्रे वाटली जातात, त्यांच्याविषयी मला हीच धास्ती आहे.

आता तो प्लंबर. त्याची कमाई खरी असेल. पण ज्याचे उदाहरण आपण देतो तो माणूस बहुधा प्लंबर राहिलेलाच नसतो. तो ठेकेदार झालेला असतो, त्याच्या हाताखाली चार पोरे असतात आणि त्या चार पोरांपैकी कोणाचेही उदाहरण आपण समारंभात देत नाही. त्याला आजारपणाची रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, पावसाळ्यात बांधकामे थांबली की त्याचेही थांबते. पन्नाशीत गुडघे गेले तर मोरीखाली वाकणार कोण? वेल्डरच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखी टोचणी लागते, ती त्याच्या घरच्यांना ठाऊक असते. प्रेस शॉपमध्ये काम केलेल्यांच्या हाताची बोटे मोजायची पद्धत आहे; हा विनोद कामगारच करतात, आपण करू नये. पदवीवाल्याला पंचावन्नाव्या वर्षी कमी पगार असेल, पण तो पंख्याखाली बसलेला असतो. आईबाप हे सगळे पाहतात. त्यांनी ते पाहूनच निर्णय घेतलेला असतो.

कारखान्यातली नोकरी तरी? चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड इथल्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीत सकाळी बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलांना विचारावे. ‘कंपनीत आहे’ या उत्तराला आता काही अर्थ उरलेला नाही. पुढचा प्रश्न ‘पर्मनंट का?’ हा असतो, आणि मुलीकडचे लोकही तोच विचारतात. बहुतेक जण ठेकेदाराकडून लागलेले असतात. औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांच्या सलग सेवेला काही संरक्षण होते, म्हणून सातव्या महिन्यात ‘ब्रेक’ देण्याची रीत पडली. मुलगा तोच, मशिन तेच, ठेकेदाराचे नाव तेवढे बदलते. शिकाऊ उमेदवारीचे तर विचारूच नये. १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे असे ठरवले, तेही योग्य हेतूने. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, हा आजचा नियमही चांगला आहे. मात्र शिकून झाल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन नाही. त्यामुळे वर्ष संपले की जुने उमेदवार बाहेर, नवे आत, आणि उत्पादनाच्या ओळीवर कमी पैशांतला ताजा हात कायम. दोन वर्षे आयटीआय, एक वर्ष उमेदवारी आणि नंतर दर सात महिन्यांनी नवा गेट पास. अशा मुलाने धाकट्या भावाला काय सल्ला द्यावा?

या प्रश्नाची एक बाजू अशी आहे की तिच्याविषयी आपण लिहिताना चाचरतो. हाताच्या कामाला आपल्या समाजात जात चिकटलेली आहे. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे कसबी लोक होते, गाव त्यांच्यावाचून अडत होते, आणि तरी त्यांना मिळत होते ते बलुते, खळ्यावरच्या सुपातले. त्यांचे कसब जन्माने ठरलेले होते आणि त्याची पायरीही. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडले ते याच अर्थाने. ज्या घरात पिढ्यानपिढ्या रापी आणि आरी होती, त्या घरातल्या पहिल्या पदवीधराने भिंतीवर लावलेला काळ्या झग्यातला फोटो हे नोकरीसाठीचे प्रमाणपत्र नाही. तो एका हुकमाला दिलेला नकार आहे. त्याला कोणी वरून ‘कौशल्य शिक, पदवीत काय आहे’ असे सांगू लागला की त्याला त्यात जुनाच आवाज ऐकू येतो, आणि त्याचे कान चुकत नाहीत.

मद्रास राज्यात हे प्रत्यक्ष घडले. मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी १९५३ मध्ये प्राथमिक शाळेची वेळ तीन तासांवर आणून उरलेल्या वेळात मुलांनी घरी वडिलांचा धंदा शिकावा अशी योजना काढली. शाळा कमी, इमारती कमी, दोन पाळ्यांत मुले जास्त बसतील, हा त्यांचा हिशेब होता. द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी तिला ‘कुलकल्वी’ म्हटले, म्हणजे कुळाचे शिक्षण. मोठे आंदोलन झाले, १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराज यांनी ती योजना मोडीत काढली. त्याआधी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम हेतूने पुष्कळच निराळी होती. तिच्यात हस्तव्यवसाय सर्व मुलांसाठी होता, ब्राह्मणाच्याही आणि सुताराच्याही. ती टिकली नाही. शिक्षितांनी तिचे कौतुक भरपूर केले आणि आपली मुले इंग्रजी शाळेत घातली. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे प्रत्यक्ष ज्ञान मिळावे, असे सुचवले होते, पण त्याच निवेदनात रयतेच्या पैशांवर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण पोसले जाते, ही तक्रारही होती. फुल्यांच्या मागणीतला हा दुसरा भाग वगळून पहिलाच तेवढा उचलणारे ‘कौशल्यवादी’ मला फुल्यांचे वारस वाटत नाहीत.

म्हणून कौशल्याला प्रतिष्ठा द्या, असे नुसते म्हणून भागत नाही. प्रतिष्ठा ही भाषणातून येत नाही. ती मोबदल्यातून, सुरक्षिततेतून आणि पुढे जायच्या वाटेतून येते. याचे उदाहरण शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्याकडे नव्या वीजजोडणीला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. वायरमनला स्वतःचा परवाना असतो, सरकारी मराठीत त्याला तारतंत्री परवाना म्हणतात, आणि त्याच्या मागे ठरावीक शिक्षण आणि अनुभव असावा लागतो. हाताने तेवढेच काम येणारा विनापरवाना माणूस आणि परवाना असलेला माणूस यांच्या दरात जो फरक पडतो, तो कायद्याने निर्माण केलेला आहे. मंजुरीच्या कागदावर सही कोणाची चालेल, हे ठरले की त्या सहीला किंमत येते. हेच गॅसची पाइपलाइन, लिफ्ट, बांधकामाचे सळईकाम, वातानुकूलन यांत का होऊ नये? मात्र परवान्याच्या नावाखाली नव्या हप्त्यांची सोय व्हायची नसेल, तर परीक्षा प्रत्यक्ष कामाची, वर्षातून अनेकदा आणि स्वस्त हवी. वर्षानुवर्षे काम करत असलेल्या मिस्त्रीला शाळेचा दाखला न मागता ती देता आली पाहिजे.

जर्मनीचे नाव या चर्चेत हटकून निघते, आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत ते आपल्या फारच जवळ आले आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये करार केला; परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक अशा कुशल तरुणांना भाषा शिकवून तिकडे पाठवायचे ठरले, आणि १० हजारांचा आकडा जाहीर झाला. मला यात एक गमतीदार विसंगती दिसते. ज्या मुलाला त्याच्या स्वतःच्या देशाचा कायदा बारावीच्या बरोबरीने मोजतो, त्याला दुसरा देश विमानाने न्यायला तयार आहे. तिकडे उमेदवारीच्या काळातले वेतन बहुतेक धंद्यांत कामगार संघटना आणि मालक यांच्या करारातून ठरते. कारागीर पुढे ‘माइस्टर’ची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा देतो, आणि तिथल्या अर्हतांच्या चौकटीत माइस्टर आणि पदवीधर एकाच, सहाव्या, स्तरावर आहेत, माइस्टर झालेल्याला विद्यापीठाचे दारही उघडे आहे. असे असले तरी जर्मनीची नक्कल मी सुचवणार नाही. तिथल्या बहुतेक राज्यांत मुलगा दहा वर्षांचा असताना, चौथीनंतरच, तो कोणत्या प्रकारच्या शाळेत जाणार हे ठरते, आणि कामगाराचे मूल कामगाराच्या वाटेला लागण्याचा संभव तिथेही मोठा आहे. आपल्यासारख्या जातिग्रस्त समाजात चौथीत वाटा फोडल्या तर काय होईल, याची कल्पना मद्रासने दिलेली आहे. घ्यायचे ते शेवटचे टोक: कसबाच्या वाटेवर चढायला जिना, आणि मध्येच बाजूला पदवीच्या वाटेवर जायला दार.

आपल्याकडे हा जिना कागदावर आहे. आयटीआय झालेल्याला भाषेची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळते, पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. पण फिटर म्हणून लागलेला माणूस वीस वर्षांनी काय होतो? बहुतेक ठिकाणी, जुना फिटर. त्याने तीस नव्या मुलांना तयार केले, बिघडलेल्या यंत्राचा आवाज ऐकून दोष सांगितला, तरी त्याच्यावर सुपरवायझर म्हणून पदविका झालेला बावीस वर्षांचा मुलगा येतो, आणि तो काम याच्याकडूनच शिकतो. या माणसासाठी राज्याने मान्य केलेली, पगाराशी जोडलेली आणि भरतीच्या नियमांत पदवीच्या बरोबरीने धरली जाणारी एक वरची परीक्षा असावी, ही माझी पहिली मागणी. दुसरी, ‘कोणत्याही शाखेची पदवी’ ही अट ज्या ज्या पदाला आहे तिथे ती का हवी, हे संबंधित विभागाने लेखी सांगावे. सांगता येत नसेल तर ती काढावी आणि परीक्षेवर भिस्त ठेवावी. तिसरी, आस्थापनेने किती शिकाऊ उमेदवार घेतले आणि त्यातल्या किती जणांना कायम केले, हे दरवर्षी जाहीर करावे. यातल्या कशालाही मोठा पैसा लागत नाही. विद्यावेतनाचे दरपत्रक सुधारायला मात्र लागेल, आणि आयटीआयमधल्या रिकाम्या निदेशकांच्या जागा भरायला त्याहून जास्त. शिकवायला माणूस नसेल तर यंत्रे कितीही नवी आणली तरी ती मुले लांबूनच पाहतात. उद्योगपतींची तक्रार असते की आयटीआयचा मुलगा कामाचा नसतो. तीत तथ्य आहे. पण हेच उद्योगपती चांगल्या मुलालाही ठेकेदारामार्फतच घेतात, यात त्याहून अधिक तथ्य आहे. देशाच्या २०१५ च्या कौशल्य धोरणातच लिहिले होते की भारतात औपचारिक कौशल्यप्रशिक्षण घेतलेले श्रमिक ४.६९ टक्के आहेत आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. हा फरक मुलांच्या आवडीनिवडीतून पडत नसतो.

काही महिन्यांपूर्वी एका शासकीय आयटीआयच्या फिटर विभागात अर्धा दिवस काढण्याचा योग आला. पहिल्या वर्षाची मुले व्हाइसमध्ये पोलादाचा तुकडा धरून कानस चालवत होती. काम दिसायला सोपे: तुकड्याचा एक पृष्ठभाग सपाट करायचा आणि शेजारचा त्याला काटकोनात. शिल्पनिदेशक प्रत्येकाचा तुकडा घेत, त्यावर काटकोन तपासायचा गुण्या टेकवत आणि खिडकीकडे धरत. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत. ‘मधे पोट राहिलंय,’ एवढेच म्हणत. एका मुलाचा तुकडा माझ्यासमोर चार वेळा परत गेला. चूक डोळ्यांना दिसत नव्हती, उजेडाला दिसत होती. मी पदवीच्या तीन वर्षांत अनेक परीक्षा दिल्या, पण इतक्या निरुत्तर करणाऱ्या कसोटीला कधी उतरावे लागले नाही, हे मला तिथे उभे असताना जाणवले.

चार वेळा परत गेलेला तो मुलगा इतरांपेक्षा मोठा दिसत होता, म्हणून सुटीत त्याच्याशी बोललो. बी. ए. होऊन दोन वर्षे झाली होती. त्यातली दोन्ही भरतीच्या तयारीत गेली, नंतर एका मित्राच्या सांगण्यावरून तो इथे आला. आता वर्गात त्याच्याहून सहा-सात वर्षांनी लहान मुले होती. असे आणखी तिघे असल्याचे निदेशकांनी सांगितले. मग ती पदवी वायाच गेली म्हणायची का, असे मी त्याला विचारले. हातावरचा लोखंडाचा चुरा पँटला पुसत तो म्हणाला, ‘नाही हो सर, ती फॉर्मला लागते की.’